वारंवार बंद पडणारा डेस्कटॉप: फॉरमॅट करण्याआधी काय तपासावे

डेस्कटॉप संगणक काम चालू असताना अचानक रिस्टार्ट होऊ लागला किंवा वरचेवर हँग होऊ लागला, की दुकानात पहिला सल्ला बहुधा ‘फॉरमॅट मारून घ्या’ असाच मिळतो. मराठवाड्यातील सेतू केंद्रे, झेरॉक्सची दुकाने, शाळांच्या संगणक लॅब आणि घरातील जुने डेस्कटॉप ज्या परिस्थितीत चालतात ती पाहता, हा उपाय सर्वांत शेवटी करावा असे माझे स्पष्ट मत आहे. येथे बिघाडाचे मूळ विंडोजपेक्षा वीज, उष्णता आणि धूळ यांत असण्याची शक्यता मोठी असते आणि यांपैकी एकही गोष्ट फॉरमॅटने दुरुस्त होत नाही.

तपासणीस हात घालण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइली दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. त्यानंतर संगणकाजवळ एक वही ठेवून बिघाडाची वेळ, त्या वेळी चालू असलेले काम आणि बिघाडाचा प्रकार लिहीत जावे. संगणक वीज गेल्यासारखा क्षणात बंद होत असेल तर संशय वीजपुरवठा, एसएमपीएस (कॅबिनेटमधील, सर्व भागांना वीज देणारा डबा) किंवा अतिउष्णता यांवर जातो. निळी स्क्रीन येत असेल तर रॅम किंवा ड्रायव्हरवर (विंडोजकडून एखादा भाग चालवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरवर) जातो. आणि माऊस हलतो पण कोणतीच फाइल उघडत नाही, डिस्कचा दिवा मात्र सतत पेटलेला राहतो, असे असेल तर हार्ड डिस्ककडे आधी पाहावे. हे नियम पक्के नाहीत, परंतु सुरुवात कोठून करावी हे त्यांवरून कळते.

विजेची तपासणी मी सर्वांत आधी ठेवतो. गावाकडे थ्री-फेज पुरवठा येऊन शेतातील मोटारी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज खाली येते, आणि उन्हाळ्यात कूलर सुरू होण्याच्या वेळी शहरातही हा त्रास जाणवतो. वहीतील बिघाडाच्या वेळा या वेळांशी जुळत असतील तर निम्मे निदान तेथेच झाले. वायरमनकडून सॉकेटवरील व्होल्टेज 230 च्या आसपास टिकते का, तसेच न्यूट्रल आणि अर्थिंग यांमधील फरक दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त नाही ना, हे भार चालू असताना मोजून घ्यावे. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग कमजोर होते, म्हणून त्यात अधूनमधून पाणी टाकणे आवश्यक असते. संगणक घरच्या इन्व्हर्टरवर असेल तर त्यावरील बटण यूपीएस मोडवर आहे का ते पाहावे. वीज गेल्यावर एसएमपीएस पूर्ण भारावर साधारण 16 मिलिसेकंदच तग धरतो आणि साध्या मोडमधील इन्व्हर्टरला बॅटरीवर जाण्यास त्याहून अधिक वेळ लागू शकतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते, त्यामुळे वीज जाताच संगणक बंद पडत असेल तर प्रथम बॅटरी बदलावी. एसएमपीएसची 12 व्होल्टची वायर 11.4 ते 12.6 या मर्यादेत राहायला हवी. ती त्याबाहेर जात असेल तर एसएमपीएस बदलावा. तो उघडण्याचा प्रयत्न कोणीही करू नये, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही धोकादायक विद्युतभार शिल्लक असतो.

उष्णतेचा हिशेब साधा आहे. प्रोसेसर खोलीतील हवेनेच थंड होतो, म्हणून खोलीचे तापमान 30 अंशांवरून 42 अंशांवर गेले की आतील तापमानही जवळपास तितकेच वर चढते. एप्रिल-मे महिन्यांत परभणी, नांदेड किंवा बीड येथील पत्र्याच्या दुकानात ठेवलेला संगणक दुपारी बंद पडतो आणि रात्री नीट चालतो, याचे कारण बहुधा हेच असते. एचडब्ल्यूइन्फो हे आतील तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालू ठेवून काम करावे. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःचा वेग कमी करतात, आणि तरीही उष्णता आटोक्यात आली नाही तर संगणक बंद होतो. प्लग काढून कॅबिनेट उघडावे आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पात्यांमध्ये बसलेली धूळ ब्लोअरने काढावी. त्या वेळी पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, कारण हवेच्या जोराने ते वेगात फिरल्यास पंखा बिघडू शकतो. जिनिंगच्या परिसरात हीटसिंकवर कापसाच्या तंतूंचा नमदा जमतो, तो ब्रशने सोडवावा लागतो. प्रोसेसर आणि हीटसिंक यांमधील थर्मल पेस्ट सुकून कडक झाली असेल तर जुनी पुसून नवी थोडीशीच लावावी.

वीज आणि उष्णता दोन्ही ठीक असतील तर रॅम काढून तिच्या सोनेरी कडा स्वच्छ खोडरबरने हलक्या हाताने पुसाव्यात, आणि एकापेक्षा जास्त रॅम असतील तर एकेकच लावून काही दिवस वापर करावा. मेमटेस्ट86 हे रॅम तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवल्यावर एकही चूक दिसली तरी रॅम संशयास्पद समजावी. मात्र बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवण्याची सोय, सुरू असेल तर ते बंद करून चाचणी पुन्हा घ्यावी. डिस्कसाठी तिची स्थिती दाखवणारे क्रिस्टलडिस्कइन्फो हे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात 05 (खराब झाल्याने बदललेले डिस्कचे भाग) आणि सी5 (खराब असल्याचा संशय असलेले भाग) या ओळींतील मूळ आकडे शून्यापेक्षा जास्त असून वाढत असतील तर डिस्क बदलण्याची तयारी करावी. अशा डिस्कवर विंडोजची चेकडिस्क ही डिस्क-तपासणी चालवून तिला आणखी ताण देऊ नये, आधी माहिती बाहेर काढावी. आकडे शून्य असूनही हँग होत असेल तर डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी साटा केबल बदलून पाहावी. ती स्वस्त असते.

यानंतर विंडोजकडे वळावे. स्टार्ट मेनूत ‘रिलायबिलिटी’ असे इंग्रजीत टाइप केले की बिघाडांचा दिवसवार आलेख उघडतो, आणि तो बिघाड नवे सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर टाकल्याच्या दिवसापासून सुरू झाला का हे त्यात दिसते. इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतील कर्नल-पॉवर 41 ही नोंद पाहून अनेक जण एसएमपीएस बदलतात. प्रत्यक्षात ती नोंद फक्त संगणक रीतसर बंद झाला नाही एवढेच सांगते, कारण सांगत नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलल्यापासून त्रास सुरू झाला असेल तर जुनी आवृत्ती परत टाकावी. विंडोजच्या फाइली बिघडल्याचा संशय असल्यास विंडोजच्या फाइली दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा, म्हणजे प्रथम डीआयएसएमची रिस्टोअरहेल्थ आणि त्यानंतर एसएफसीची स्कॅननाऊ, प्रशासक म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टवर चालवावी.

प्रत्येक टप्प्यावर एकच बदल करावा आणि पूर्वी जितक्या दिवसांनी त्रास होत असे त्याच्या दुप्पट दिवस वाट पाहावी, नाहीतर नेमका कोणता उपाय लागू पडला हे कळत नाही. एवढे करूनही संगणक बंद पडत असेल तर मदरबोर्डवर फुगलेले कपॅसिटर दिसतात का ते पाहावे, आणि दुरुस्तीसाठी नेताना वहीही सोबत न्यावी. तपासलेली प्रत्येक गोष्ट त्यात असल्यामुळे मेकॅनिकला पुन्हा सुरुवातीपासून शोध घ्यावा लागत नाही आणि विनाकारण सुटे भाग बदलण्याचा खर्चही टळतो.