तारा निघाल्या म्हणजे उपचार संपला नाही: दात सरळ करताना आणि नंतर या चुका टाळा

गेल्या उन्हाळ्यात एक सत्तावीस वर्षांचा मुलगा आईला घेऊन दवाखान्यात आला. लग्न ठरलेलं, मोबाइलमध्ये साखरपुड्याचे फोटो. दहावीत असताना दुसऱ्या गावी त्याच्या दातांना तारा लावल्या होत्या. दोन वर्षं त्याने सगळं नेमाने केलं आणि दात छान ओळीत आले. आता मात्र खालचे पुढचे चार दात पुन्हा पुढेमागे झाले होते आणि वरचा एक दात किंचित फिरला होता. आईने पर्समधून एक निळी डबी काढली. आत रिटेनर, म्हणजे तारा काढल्यावर दात जागेवर धरून ठेवणारं साधन, अगदी जपून ठेवलेला. "सहा महिने लावला. दात एकदम सरळ होते, म्हणून मग काढून ठेवला," ती म्हणाली. मी तो त्याच्या दातांवर बसवून पाहिला. एका बाजूला टेकला, दुसऱ्या बाजूला उचललेलाच राहिला.

मला फार वाईट वाटलं, कारण या मायलेकांनी हयगय केली नव्हती. रिटेनर कशासाठी असतो, हेच त्यांना कोणी समजावून सांगितलं नव्हतं. म्हणून हा लेख शेवटाकडून सुरू करते आहे. सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

रिटेनर कपाटात ठेवून देणं

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा. तारेचा हलका दाब पडला की दात ज्या दिशेला सरकतो तिथलं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवं भरत येतं. महिन्याला साधारण एक मिलिमीटर, असं हे काम चालतं. तारा काढल्यावर मुळाभोवतीचे तंतू तीन-चार महिन्यांत नव्या जागी रुळतात. हिरडीतले लवचिक तंतू मात्र वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ ताणलेलेच राहतात. फिरलेला दात सरळ केला असेल तर पीळ दिलेल्या सुतळीसारखे ते त्याला जुन्या जागी ओढत असतात.

शिवाय वय वाढतं तशी खालच्या पुढच्या दातांची दाटी होतेच, ज्यांना कधीच तारा लावल्या नव्हत्या त्यांचीसुद्धा. याचा दोष अक्कलदाढेला देण्याची पद्धत आहे, पण अभ्यासांतून त्याला आधार मिळालेला नाही. तेवढ्याच कारणासाठी अक्कलदाढ काढून घेऊ नका.

म्हणून रिटेनर सुरुवातीचे महिने जेवण आणि ब्रश सोडून जवळजवळ पूर्ण वेळ, आणि नंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून फक्त रात्री. रात्रीचा रिटेनर किती वर्षं लावायचा, असं सगळेच विचारतात. दात सरळ हवेत तितकी वर्षं, हेच खरं उत्तर आहे, आणि ते तारा लावण्याआधीच सांगायला हवं.

रिटेनरचे मुख्य प्रकार तीन. तार आणि ॲक्रिलिकचा, टाळूला बसणारा हॉली रिटेनर. पारदर्शक, दातांवर टोपीसारखा बसणारा. आणि दातांच्या मागे कायमची चिकटवलेली बारीक तार. पहिले दोन काढघाल करता येतात, आणि हरवतातही. बहुतेक रिटेनर जेवणाच्या ताटाशेजारी कागदी रुमालात गुंडाळून ठेवल्यामुळे जातात. लग्नाच्या पंगतीत उष्ट्या पत्रावळीबरोबर गेलेले रिटेनर मला दर सीझनला ऐकू येतात. तोंडातून काढला की थेट डबीत, आणि डबी कायम बॅगेत.

स्वच्छतेसाठी उकळतं पाणी तर नकोच, गरमही नको. प्लॅस्टिक वाकतं आणि मग रिटेनर बसत नाही. टूथपेस्टने पारदर्शक रिटेनरवर ओरखडे उठतात आणि त्यांत घाण साचते. साधं पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे.

चार दिवस राहून गेला आणि आता घट्ट लागतोय? पूर्ण बसत असेल तर लावा, एक-दोन रात्रींत सैल होईल. बसतच नसेल तर दाताने चावून जबरदस्तीने बसवू नका, त्याच आठवड्यात दाखवा. हरवला तरी तसंच, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. तारा काढताना दातांचं स्कॅन झालं असेल तर त्याची फाइल मागून ठेवा, त्यावरून नवा रिटेनर बनवता येतो. अर्थात तोवर दात हलले नसतील तरच.

चिकटवलेल्या तारेचा धोका वेगळा. एका दातावरून ती सुटली तरी पुष्कळदा कळतच नाही, आणि तेवढा एकच दात हळूहळू बाहेर निघतो. रोज ब्रश झाल्यावर जीभ तारेवरून फिरवा. कुठे टोक लागलं, तार हलली, तर लगेच दाखवा. खालच्या पुढच्या दातांच्या मागे लाळग्रंथींची तोंडं उघडतात, त्यामुळे तिथे किटण सगळ्यात लवकर चढतं. तारेखालून फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा बारीक धागा) ओवून साफ करावं लागतं, आणि दर सहा महिन्यांनी दात स्वच्छ करून घ्यावे लागतात.

त्या मुलाला लग्नाआधी पाच महिने मिळाले. थोडंच सरकवायचं होतं, अलायनरवर, म्हणजे दात सरकवणाऱ्या, एकामागून एक बदलायच्या पारदर्शक साच्यांवर भागलं. आता खाली चिकटवलेली तार आहे, वर रात्रीचा रिटेनर आहे, आणि दुसरा सेट त्याने आपणहून मागून घेतला.

सुरुवातच चुकीच्या वेळी

"सगळे दुधाचे दात पडू देत, मग बघू," हे घरोघरी ऐकू येतं. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची, म्हणजे दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची संघटना पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा, असं सांगते. सातव्या वर्षी तारा लावायच्या असं नव्हे. खालचा जबडा मागे राहतोय का, वरचे दात खालच्या दातांच्या आत बसतायत का, मूल अंगठा चोखतं का, तोंड उघडं ठेवून झोपतं का, एवढं वेळेत बघायचं असतं. जबडा वाढता असताना काही गोष्टी सोप्या असतात, वाढ थांबल्यावर त्यांनाच शस्त्रक्रिया लागू शकते.

त्याहून जास्त घडणारी चूक दुधाच्या दाढेची. कीड लागते, "पडणारच आहे ना" म्हणून ती काढून टाकतात. मग सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ रिकाम्या जागेत पुढे सरकते, आणि खालून येणाऱ्या दाताला जागा उरत नाही. दाढ वाचवता येते का ते आधी पाहा. काढावीच लागली तर जागा राखणारं साधन बसवता येतं का, हे विचारा.

मोठ्यांनाही हे उपचार होतात, चाळिशीतही. अट एकच, हिरड्या आणि हाड निरोगी हवं. ब्रश करताना रक्त येतं, तोंडाला वास येतो, दात हलतात, तर आधी हिरड्यांचा उपचार. तंबाखू आणि मिश्री चालू ठेवून तारा लावू नयेत. आजारी हाडात दात सरकवले तर हाड आणखी खाली जातं, आणि मग सरळ पण हलणारे दात हाती येतात.

दात काढण्याची भीती, आणि नको ती धिटाई

जबड्यात जागा कमी असेल किंवा दात फारच पुढे असतील तर काही जणांच्या उपदाढा (सुळ्यामागच्या छोट्या दाढा) काढाव्या लागतात. तेव्हा नातीबरोबर आलेल्या आजी हमखास म्हणतात, "अहो डॉक्टरबाई, वरचा दात काढला की नजर अधू होते ना?" होत नाही, आजी. दाताच्या संवेदनेची नस वेगळी, दृष्टीची वेगळी. मात्र दात का काढायचा, न काढता काय होईल, हे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कारण न सांगता कोणी दात काढायची घाई करत असेल तर होकार देऊ नका. दोन्ही जबडे एकत्र दाखवणारा ओपीजी एक्स-रे आणि डोक्याचा बाजूने काढलेला सेफॅलोमेट्रिक (‘सेफ’) एक्स-रे पाहिल्याशिवाय असा निर्णय होऊ नये. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शास्त्रात, एमडीएस ही पदव्युत्तर पदवी घेतलेले डॉक्टर कोण, हेही आधीच विचारा. बीडीएस या दंतवैद्यकाच्या पदवीनंतरचा तो तीन वर्षांचा अभ्यासक्रम आहे.

धातूचे ब्रॅकेट (दातावर चिकटवून तार अडकवायचे छोटे तुकडे), सिरॅमिकचे, दातांच्या मागून लावलेले की अलायनर, यात घरच्यांचा फार वेळ जातो. माझ्या मते आधी दातांची गरज पाहावी, मग दिसणं. अवघड केसला साधे धातूचे ब्रॅकेट आजही उत्तम काम करतात.

खरी भीती वाटते ती घरच्या घरी चालणाऱ्या उपायांची. व्हिडिओ पाहून पुढच्या दोन दातांतली फट बुजवायला काही मुलं साधा रबरबँड अडकवतात. दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं असतं, त्यामुळे रबर हिरडीखाली सरकत जातं आणि दिसेनासं होतं. पडलं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ते मुळाभोवतीचं हाड आणि तंतू नासवत टोकाकडे जात असतं, आणि धडधाकट दात गमवायची वेळ येते. हे कृपा करून मुलांना सांगा.

डॉक्टरांनी तोंड न तपासता टपालाने येणारे अलायनरही नकोत. स्माइलडायरेक्टक्लब ही अमेरिकेतली मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये अचानक बंद पडली, आणि अर्ध्या उपचारात असलेल्या लोकांना पुढे बघणारं कोणी उरलं नाही.

ताटातल्या चुका

संक्रांतीच्या आठवड्यात सुटलेले ब्रॅकेट घेऊन मुलं येतात. चिक्की, गुडदाणी, कडक तिळाची वडी. मग दिवाळीत चकली आणि कडबोळी. ऊस दाताने सोलणं, कणीस थेट चावणं, बोराची बी फोडणं हे तारा असेपर्यंत बंदच. कणसाचे दाणे काढून खा, पेरूच्या बारीक फोडी करा, भाकरी आमटीत कुस्करा. मऊ बेसनाचा लाडू चालतो, पातळ पोह्यांचा चिवडा दाणे आणि खोबऱ्याचे काप बाजूला काढून चालतो. बर्फ चघळायची आणि पेन चावायची सवय याच यादीत येते.

सुटलेलं ब्रॅकेट दुखत नाही, म्हणून ते घेऊन पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका. तो दात तेवढे दिवस जागचा हलत नाही, कधी मागेही जातो. उपचार लांबण्याचं हे एक मोठं कारण.

आणि हळद! ब्रॅकेटवर तार धरून ठेवणाऱ्या बारीक रबरी कड्या असतात. हौसेने पारदर्शक घेतल्या की दोनदा पिवळी बटाट्याची भाजी खाताच त्या पिवळ्याधमक होतात. दात नाही, कड्या रंगतात, आणि पुढच्या भेटीत त्या बदलतात. राखाडी किंवा निळ्या घेतल्या तर प्रश्नच नाही.

रक्त येतं म्हणून ब्रश टाळणं

ब्रॅकेटच्या कडेने थर साचला की महिन्याभरात दातावर खडूसारखे पांढरे डाग उमटू शकतात. ब्रॅकेट निघालं की मधला चौकोन चकचकीत आणि भोवती पांढरी चौकट. ते डाग पूर्णपणे जातीलच असं नाही. इतकी मेहनत घेऊन सरळ केलेले दात असे दिसले की मुलींच्या डोळ्यांत पाणी येतं, मी पाहिलं आहे.

ब्रश आधी ब्रॅकेटच्या वरून तिरका, मग खालून तिरका. तारेखालून बाटली घासायच्या ब्रशसारखा छोटा इंटरडेंटल ब्रश. फ्लोराइडची पेस्ट. रात्री घाई नको, पाच मिनिटं द्या. शाळेत डबा खाल्ल्यावर निदान खळखळून चूळ. हिरडी सुजली, रक्त आलं की लोक तिथेच ब्रश करणं सोडतात, आणि सूज वाढते. तिथेच, पण हळुवार हाताने, ब्रश करत राहायचं.

तासांची चोरी

अलायनर दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडात हवेत. ते लावून गरम चहा प्यायला तर प्लॅस्टिक वाकतं, डाग पडतात आणि साखर आत दातांशी कोंडून राहते. काही दिवस बुडाले तर पुढच्या अलायनरवर उडी मारू नका, आधीचाच लावून डॉक्टरांना विचारा.

वरच्या-खालच्या दातांना जोडणाऱ्या रबरबँडचं तसंच. फक्त रात्री लावले तर दात रात्री थोडा पुढे येतो, दिवसा मागे जातो, आणि महिने सरतात. लवकर व्हावं म्हणून दोन-दोन लावणं त्याहून वाईट, जास्त जोराने मुळांना इजा होते. सांगितले तितकेच लावा, रोज नवे.

रात्री तार टोचली तर

तार लावल्यावर किंवा घट्ट केल्यावर तीन-चार दिवस दात ठणकतात. वरणभात, मऊ खिचडी, दहीभात खा, गरज पडली तर डॉक्टरांनी सांगितलेली पॅरासिटामॉल घ्या. गाल सोलवटला असेल तर कोमट मिठाच्या पाण्याच्या चुळा भरा, आणि जिथे घासतं ते ब्रॅकेट कापसाने कोरडं करून त्यावर दवाखान्यातून मिळणाऱ्या मेणाची गोळी दाबून बसवा. ओल्यावर मेण चिकटत नाही, म्हणून लोक ते कुचकामी म्हणून टाकून देतात.

मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर आलं असेल तर तिथेही मेण. घरच्या पक्कडीने तार कापू नका, कापलेला तुकडा घशाकडे जाऊ शकतो. ब्रॅकेट सुटून तारेवर लटकत असेल तर राहू द्या आणि सकाळी फोन करा. पोटात गेलं तर बहुतेक वेळा शौचावाटे पडून जातं, तरी डॉक्टरांना कळवा. पण ठसका थांबत नसेल, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा गिळताना दुखत असेल, तर दातांच्या दवाखान्याची वाट न पाहता थेट मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.