उद्दिष्ट लिहिण्याआधी छेद ठरवा: माता-बाल आरोग्य कार्यक्रमांचे निर्देशक

‘गरोदर मातांच्या आरोग्यात सुधारणा करणे’ हे वाक्य प्रस्तावात शोभून दिसतं, पण तीन वर्षांनी ते साधलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. मोजता येणाऱ्या उद्दिष्टाची कसोटी अशी: दोघांनी एकमेकांशी न बोलता त्याच रजिस्टरांवरून आकडा काढला, तर तो एकच यायला हवा. म्हणून कुणामध्ये, काय, आज किती, किती व्हायला हवं आणि केव्हापर्यंत, हे सगळं एकाच वाक्यात आणा. नमुना: ‘कार्यक्षेत्रात मागील १२ महिन्यांत प्रसूत झालेल्या स्त्रियांपैकी, पहिली तपासणी गरोदरपणाच्या पहिल्या १२ आठवड्यांत झालेल्यांचं प्रमाण ३६ महिन्यांत ४० टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर नेणे.’

मृत्युदराचा मोह टाळा

शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार २०३० पर्यंत जगातलं माता मृत्यू प्रमाण एक लाख जिवंत जन्मांमागे ७० च्या खाली आणायचं आहे. नवजात मृत्युदरासाठी हजारी १२ आणि पाच वर्षांखालील बालमृत्युदरासाठी हजारी २५ ही मर्यादा आहे. प्रस्ताव लिहिणारे हेच आकडे उचलतात आणि एक लाख वस्तीच्या प्रकल्पाला चिकटवतात. हिशेब करून बघा. जन्मदर हजारी २० असेल तर वर्षाला २,००० जन्म. माता मृत्यू प्रमाण १५० धरलं तर अपेक्षित मृत्यू तीन. कामात काडीचाही फरक न पडता एका वर्षी एक आणि पुढच्या वर्षी पाच मृत्यू होऊ शकतात, आणि दोन्ही वर्षी अहवालाचा निष्कर्ष चुकीचा निघतो.

प्रत्येक माता मृत्यूची चौकशी करा, कारण नोंदवा. पण छोट्या प्रकल्पाच्या उद्दिष्टात दर घालू नका. त्याऐवजी मृत्यू टाळणारे टप्पे मोजा. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव हे माता मृत्यूचं मोठं कारण आणि ऑक्सिटोसिन हे गर्भाशय आकुंचित करून तो रोखणारं औषध, म्हणून ‘बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत १० युनिट ऑक्सिटोसिन मिळालेल्या स्त्रियांचं प्रमाण’ हा निर्देशक, म्हणजे बदल दाखवणारा आकडा, कामाचा. त्याच्या जोडीला साठ्याचा निर्देशक लागतो, आणि तिथे ‘औषध उपलब्ध’ एवढंच लिहून भागत नाही. ऑक्सिटोसिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं. फ्रीजच्या तापमानाची रोजची नोंद असेल तरच तो साठा उपलब्ध धरा.

छेद: बहुतेक घोळ इथेच होतो

अंश, म्हणजे टक्केवारीतला वरचा आकडा, सगळे नीट मोजतात, कारण ते आपलं काम असतं. छेद, म्हणजे ज्याने भागायचं तो खालचा आकडा, मात्र कुठून तरी आणलेला असतो. वरच्याच वस्तीसाठी वर्षाला २,००० जिवंत जन्म; गर्भपात आणि उपजत मृत्यूंसाठी साधारण १० टक्के मिळवले की अपेक्षित गरोदर माता २,२००. नोंदणी आणि तपासणीसाठी हा छेद. दवाखान्यातल्या प्रसूतीसाठी छेद एकूण प्रसूतींचा. जुळ्यांची प्रसूती एक, जन्म दोन. तासाभरात स्तनपान सुरू केल्याच्या निर्देशकाला छेद जिवंत जन्मांचा. आणि एका वर्षाच्या आतल्या लसींसाठी छेद वर्षभर जगलेल्या बाळांचा: अर्भक मृत्युदर हजारी ३० असेल तर २,००० वजा ६०, म्हणजे १,९४०.

नोंदणी १०८ टक्के आली तर ती १०० वर कापून पुढे पाठवू नका. जनगणना जुनी असेल, बाहेरगावच्या बायका तपासणीला येत असतील, एकाच बाईची दोन केंद्रांत नोंद असेल, किंवा बायकांऐवजी भेटी मोजल्या असतील. शेवटचं कारण बऱ्याचदा सापडतं.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे या महिन्यात चौथी तपासणी झालेल्यांना याच महिन्यात नोंदलेल्यांनी भागणं. या दोन वेगळ्या बायका आहेत. चौथ्या तपासणीला आलेली कित्येक महिन्यांपूर्वी नोंदली गेलेली असते. एका महिन्यात नोंदलेल्यांची यादी धरा, त्यांची प्रसूती होईपर्यंत माग ठेवा आणि मग टक्केवारी काढा.

लोकसंख्येचा अंदाजच भरवशाचा नसेल तर गळतीचा दर वापरा. वर्षभरात पेंटाव्हॅलंटचा (पाच रोगांवरच्या एकत्रित लसीचा) पहिला डोस ५०० बाळांना आणि तिसरा ४३० बाळांना दिला, तर गळती ७० भागिले ५००, म्हणजे १४ टक्के. दोन्ही आकडे आपल्याच रजिस्टरातले. गळती उणे आली तर बहुधा कुठेतरी नोंद चुकली आहे.

व्याख्या अक्षरशः पाळा

निव्वळ स्तनपानाचा रूढ निर्देशक असा आहे: सर्वेक्षणाच्या दिवशी सहा महिने पूर्ण न झालेल्या बाळांपैकी, आदल्या दिवशी व रात्री फक्त आईचं दूध मिळालेली बाळं. पाण्याचा एक चमचा दिला तरी बाळ गणतीतून बाहेर. डॉक्टरांनी दिलेले औषधाचे थेंब किंवा ओआरएस चालतं. ‘सहा महिने फक्त अंगावरच पाजलं का?’ असं मोठ्या बाळाच्या आईला विचारलं तर तो वेगळाच निर्देशक होतो. पहिल्या सर्वेक्षणात एक प्रश्न आणि शेवटच्यात दुसरा विचारला, तर मधला फरक प्रश्नाचा आहे की कार्यक्रमाचा हे कळायला मार्ग उरत नाही.

जन्मवजनाचंही तसंच. कमी वजन म्हणजे २,५०० ग्रॅमपेक्षा कमी. बरोबर २,५०० भरलं तर ते बाळ कमी वजनाचं नाही. रजिस्टर उघडून वजनांचा रकाना वरून खाली वाचा. २,५०० आणि ३,००० वर गर्दी आणि २,४५० जवळपास नाहीच, असं दिसलं तर वजन अंदाजे ठोकळ आकड्यांत लिहिलं जातंय. अशा नोंदींवरून काढलेलं कमी वजनाचं प्रमाण खऱ्यापेक्षा कमीच येणार. उद्दिष्ट ठरवण्याआधी वजनकाटे तपासा.

तपासण्या नुसत्या मोजण्यात फारसा अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये गरोदरपणात किमान आठ भेटींची शिफारस केली. पण आठही भेटींत रक्तदाब मोजलाच नसेल तर त्या आठ भेटींचं काय करायचं? ‘किमान चार भेटी, आणि त्यांत रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी, तिन्ही झालेल्या’ असं लिहा. आकडा खाली येईल. येऊ द्या.

लक्ष्य किती ठेवायचं

मागच्या दोन-तीन वर्षांची चाल बघा, आणि ठेवलेला फरक तुमच्या सर्वेक्षणाला दिसेल का तेही. ४० वरून ५५ टक्के हा बदल ९५ टक्के खात्रीने आणि ८० टक्के क्षमतेने (म्हणजे बदल खरंच झाला असेल तर तो दिसण्याची शक्यता ८० टक्के) पकडायला सर्वेक्षणाच्या प्रत्येक फेरीत सुमारे १७० जणी लागतात. गावांचे गट निवडून नमुना घेतला तर साधारण दुप्पट, ३४०. ४० वरून ४५ हा बदल पकडायचा तर सुमारे १,५३०, आणि गटपद्धतीने ३,०६०. शिवाय मागच्या वर्षात प्रसूत झालेली बाई घरोघर नसते. जन्मदर हजारी २० आणि घरटी पाच माणसं धरली तर दहा घरांमागे एक, म्हणजे ३४० जणींसाठी ३,४०० घरं. पाच टक्क्यांचं लक्ष्य आणि ३०० चा नमुना ही जोडी सर्रास दिसते. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही फेऱ्या वर्षाच्या त्याच महिन्यांत घ्या, कारण आजार, स्थलांतर आणि शेतीची कामं ऋतूप्रमाणे बदलतात.

सगळ्याच निर्देशकांत ‘जास्त ते चांगलं’ नसतं. लोकसंख्येच्या पातळीवर सिझेरियनचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्याने मृत्यू आणखी घटल्याचं दिसत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं निवेदन सांगतं. इथे वाढीचं लक्ष्य ठेवू नका. प्रमाण फार कमी असलेल्या आणि फार जास्त असलेल्या, अशा दोन्ही भागांवर नजर ठेवा.

एका उद्दिष्टाला दोन-तीन निर्देशक पुरेत. चाळीस रकाने भरायला लावले की आरोग्यसेविका महिनाअखेरीस बसून अंदाजाने भरते. प्रत्येक निर्देशकाचं एक पान करा: व्याख्या, अंश, छेद, कोणतं रजिस्टर, कोण काढणार, किती दिवसांनी. शेवटची ओळ कृतीची ठेवा. उदाहरणार्थ, ‘पेंटाव्हॅलंटची गळती १० टक्क्यांवर गेली, तर त्या महिन्याच्या बैठकीत पर्यवेक्षक राहिलेल्या बाळांची नावानिशी यादी काढेल आणि पुढच्या लसीकरण सत्राआधी घरभेटी पूर्ण होतील.’ ही ओळ लिहिताच येत नसेल, तर तो निर्देशक यादीतून काढून टाका.