डीएक्स-६० पहिल्यांदा चालू करण्याआधी

हीथकिटचा डीएक्स-६० हा जुना व्हॉल्व्हचा हौशी रेडिओ ट्रान्समीटर घरी आला की त्याची पिन बोर्डात घालायची घाई करू नका. मिशिगनमधल्या बेंटन हार्बरची ही कंपनी तो सुट्या भागांत विकायची आणि घेणारा आपल्या टेबलावर जोडायचा. त्यामुळे प्रत्येक सेटमधले सोल्डरचे डाग (जोड) वेगळ्या हाताचे असतात, आणि माझ्या मते या सेटचं खरं मोल तेच आहे. मूळ मॅन्युअल मिळवा, झाकण काढून वरून-खालून फोटो घ्या, एकेक वायर सर्किटशी ताडून बघा. डाग करडा, दाणेदार दिसला तर तो कच्चा जोड समजून पुन्हा गरम करा. चांगले डाग मात्र उगाच उकरू नका.

आत हात घालण्यापूर्वी डिस्चार्जची काठी हवीच: कोरडी पीव्हीसी नळी, टोकाला १ किलोओहमचा जाड रेझिस्टर, दुसरीकडून चॅसीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) क्लिप. ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर) तुटलेला असेल तर मोठे कपॅसिटर बराच वेळ चार्ज धरून ठेवतात आणि इथे गाठ सहाशे व्होल्टशी आहे. काठी लावल्यावरही मीटरने मोजा. घरात दुसरं माणूस असतानाच काम करा.

पॉवर सप्लायच्या फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर न तपासता बदलून टाका. कार्बन रेझिस्टर मोजा, त्यांचा ओहमचा आकडा वर्षांनुवर्षं वाढत जातो. आउटपुटला चॅसीकडे जाणारा आरएफ चोक (रेडिओ फ्रीक्वेन्सी अडवून डीसी जाऊ देणारी कॉइल) आहे का, तेही पाहा. आउटपुट व्हॉल्व्हच्या प्लेटचं हाय व्होल्टेज अडवणारा ब्लॉकिंग कपॅसिटर शॉर्ट झाला तर या चोकमुळे फ्यूज उडतो. तो नसेल तर हाय व्होल्टेज थेट अँटेनावर येतं. नसल्यास बसवाच.

दोन तारांची जुनी कॉर्ड काढून अर्थिंगची तीन तारांची घाला, फ्यूज फेजमध्ये ठेवा. सेटचा ट्रान्सफॉर्मर ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झचा. आपल्या ५० हर्ट्झवर तो जास्त तापतो, म्हणून स्टेपडाउन ११० व्होल्टचाच घ्या, एकाच गुंडाळीचा ऑटोट्रान्सफॉर्मर नको. व्हॉल्व्हच्या हीटरला मग सहाच्या आसपास व्होल्ट मिळतात, तेवढे चालतात.

आता सेट सिरीज बोर्डावर चालू करा, म्हणजे त्याच्या वाटेत १०० वॅटचा फिलामेंट बल्ब लावून. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख राहिला तर लगेच बंद करून शॉर्ट शोधा.

अँटेना अजून नको. ५० ओहमचा, निदान १०० वॅटचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) जोडा, फ्रीक्वेन्सी ठरवणारा ७ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल खोचा. अँटेनावर जायचं तर हौशी रेडिओचा परवाना हवाच. आधी मीटरवर आउटपुट व्हॉल्व्हचा ग्रिड करंट जमवा, मग प्लेटचा डिप (ट्यून करताना प्लेट करंट सगळ्यात कमी होतो ती जागा) पटकन गाठा. डिप सापडेपर्यंत मोर्सची की (चावी) काही सेकंदच दाबायची. ६१४६ या आउटपुट व्हॉल्व्हची प्लेट लालसर दिसली की सोडायची. त्याचा ६१४६बी हा प्रकार घातला असेल तर न्यूट्रलायझेशन (व्हॉल्व्ह स्वतःहून ऑसिलेट होऊ नये म्हणून केलेली जुळणी) पुन्हा तपासा.

शेवटी शेजारच्या रिसीव्हरवर आपला सूर ऐका. की दाबताना सूर सरकत असेल तर दुसरा क्रिस्टल लावून पाहा. तरीही सरकला तर की दाबल्यावर ऑसिलेटरचा (क्रिस्टलवर सूर तयार करणाऱ्या भागाचा) सप्लाय किती पडतो ते मोजा.