जास्त वजन पेलणारी, तरीही हलकी व्हीलचेअर : माप कसं घ्यायचं, काय तपासायचं

व्हीलचेअर घेताना बहुतेक जण आधी वजनक्षमतेचा आकडा बघतात, मग किंमत, आणि बैठकीच्या रुंदीचा विचार खुर्ची घरी आल्यावर सुरू होतो. क्रम उलटा हवा. आधी बसणाऱ्याच्या अंगाचं माप, मग घरातल्या दारांचं, आणि त्यानंतर क्षमता व खुर्चीचं वजन. मापात न बसणारी खुर्ची कितीही हलकी असली तरी चालवायला जडच जाते, शिवाय कातडीला इजा होते ती वेगळीच.

अंगाचं माप

टणक, सपाट बैठकीच्या खुर्चीवर रोजच्या कपड्यांत बसवा. पावलं जमिनीवर पूर्ण टेकलेली हवीत. गादीवर किंवा सोफ्यावर घेतलेलं माप हमखास चुकतं. शिंप्यासारखी टेप अंगाभोवती गुंडाळू नका. दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठ्याची पुस्तकं उभी टेकवा आणि त्यांच्यामधलं सरळ अंतर मोजा.

रुंदी कमरेपाशीच मोजावी असं नाही. जड अंगाच्या माणसाचं पोट मांड्यांवर येतं, त्यामुळे गुडघे फाकतात आणि सर्वांत रुंद भाग बऱ्याचदा मांडीच्या मध्यावर किंवा गुडघ्यांजवळ असतो. जिथे सर्वांत रुंद, तिथलं माप धरा आणि त्यात एकूण १ ते २ इंच मिळवा. यापेक्षा ऐसपैस घेतली तर माणूस एका कुशीवर कलतो आणि चाकापर्यंत हात पोचवण्यासाठी खांदे बाहेर ताणावे लागतात. अरुंद घेतली तर बाजूची पट्टी मांडीला घासत राहते.

बैठकीच्या खोलीचं, म्हणजे मागून पुढपर्यंतच्या लांबीचं माप सर्वांत जास्त चुकतं. नेहमीचा नियम असा, की पाठीमागच्या टोकापासून गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंत मोजा आणि २ इंच वजा करा. पण कमरेखाली मागच्या बाजूला मांस जास्त असेल, तर ते खुर्चीच्या पाठीला आधी टेकतं आणि माणूस पुढे ढकलला जातो. पाठ मात्र अधांतरीच राहते. मग तो आधार शोधत मागे रेलतो, बूड पुढे घसरतं आणि सगळा भार माकडहाडावर येतो. अशा वेळी खुर्चीची पाठ खालच्या बाजूला मोकळी किंवा सैल करता येणारी हवी, म्हणजे मांसाला मागे जागा मिळते आणि पाठ नीट टेकते. तशी पाठ असेल तर खोली मागच्या मांसापासून नव्हे, पाठीच्या रेषेपासून मोजा. पाठीचे पट्टे हवे तसे कमी-जास्त ताणता येतील अशी खुर्ची यासाठी फार उपयोगी पडते.

बाकीची मापं सोपी आहेत. टाचेपासून गुडघ्यामागपर्यंतचं अंतर मोजा; पायटेकू जमिनीपासून किमान २ इंच वर राहायला हवा. पायाने रेटत खुर्ची चालवणार असाल, तर उशी धरून बैठकीची उंची एवढी हवी की टाच पूर्ण टेकेल. उशी माणूस बसल्यावर दबते, म्हणून तिच्यावर बसूनच मोजा. कोपर काटकोनात वाकवल्यावर बैठकीपासून कोपरापर्यंत जितकं भरेल, त्याहून हातटेकू साधारण १ इंच वर. पलंगावरून खुर्चीत सरकायचं असेल तर हातटेकू निघणारे किंवा मागे वळणारेच घ्या.

दारातून जाईल का?

घडीच्या खुर्चीची बाहेरची रुंदी बैठकीपेक्षा साधारण ८ इंचांनी जास्त असते. २२ इंची बैठक म्हणजे बाहेरून जवळपास ३० इंच. दार उघडल्यावर फळीची जाडीही जागा खाते, त्यामुळे चौकट मोजून भागत नाही, फळी उघडी ठेवून मधली मोकळी जागा मोजा. बाथरूमचं दार सर्वांत आधी. हाताने चाकं फिरवणाऱ्याला दोन्हीकडे बोटांपुरती, म्हणजे इंचभर तरी जागा लागते.

क्षमता आणि वजन

साध्या खुर्च्या १०० ते ११५ किलोपर्यंत पेलतात, त्यापुढच्या 'हेवी ड्यूटी' म्हणून विकल्या जातात. नावावर जाऊ नका, उत्पादकाने दिलेला किलोचा आकडा वाचा. त्यात माणसाबरोबर उशी, मागची पिशवी, ऑक्सिजनचा सिलिंडर हे सगळं धरा आणि बेरीज क्षमतेच्या ९० टक्क्यांच्या आत ठेवा. १२० किलोची व्यक्ती आणि ५ किलो सामान असेल तर १४० किलोपेक्षा कमी क्षमता नको.

हलकेपणाचा फायदा नेमका कुठे होतो, ते आकड्यांत बघा. एक खुर्ची २५ किलोची, दुसरी १६ किलोची. १:१२ च्या, म्हणजे १२ फुटांत १ फूट चढणाऱ्या उतारावर माणूस आणि सामानाचे हे १२५ किलो चढवताना पहिलीला साधारण साडेबारा किलोचा जोर लागतो, दुसरीला पावणेबारा. फरक पाऊण किलोचा. पण तीच खुर्ची गाडीच्या डिकीत उचलताना ९ किलोंचा फरक पूर्ण जाणवतो. म्हणून खुर्ची रोज कोण उचलणार, हा प्रश्न आधी सोडवा. जाहिरातीतलं वजन कधी कधी पायटेकू, क्वचित मोठी चाकंही काढून सांगितलेलं असतं. सगळे भाग बसवून किती भरतं, ते विचारून घ्या.

सपाट जमिनीवर खुर्ची जड जाते ती बहुधा पुढच्या छोट्या चाकांवर भार आल्यामुळे. जड अंगाच्या माणसाचं वजन पुढे झुकलेलं असतं आणि छोटी चाकं मोठ्या चाकांपेक्षा जास्त अडतात. मागच्या चाकाचा आस पुढे सरकवता येत असेल तर भार मोठ्या चाकांवर येतो आणि खुर्ची एकदम मोकळी चालते. आस पुढे घेतला की मागे उलटण्याची शक्यता वाढते, त्यामुळे उलटणं रोखणारी मागची छोटी चाकं बसवलेलीच हवीत.

घेण्याआधी तपासणी

खाली वाकून बघा. बैठकीखालची कैची, म्हणजे घडी होणारी फुलीच्या आकाराची दांड्यांची जोडणी, दुहेरी हवी. जास्त वजनाला एकेरी कैची कालांतराने वाकते आणि खुर्ची एका बाजूला ओढू लागते. बैठकीचं कापड झोळीसारखं खचत असेल तर मांड्या आत वळतात. त्यावर कडक फळी आणि मग उशी, हा उपाय चांगला. फळी-उशीने उंची वाढते, तेव्हा हातटेकू आणि पायटेकूचं माप पुन्हा लावा.

मग प्रत्यक्ष २०-३० मिनिटं बसवा. मांडी आणि बाजूच्या पट्टीत तळहात सहज सरकला पाहिजे, गुडघ्यामागे दोन-तीन बोटं मावली पाहिजेत. उठल्यावर कातडी बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर तिथे दाब जास्त आहे. ते माप बदलायलाच हवं. गोष्ट बेडसोरची, म्हणजे सततच्या दाबाने होणाऱ्या जखमेची आहे, इथे 'होईल सवय' म्हणून सोडून देऊ नका. पाय किंवा कमरेची संवेदना कमी असलेल्यांना दाब कळतच नाही, त्यांच्या बाबतीत ही तपासणी दुसऱ्याने रोज करायची आणि माप फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडूनच घ्यायचं.

वापर सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळा. हवेची टायर असतील तर हवा दर आठवड्याला बघा. हवा उतरली की ब्रेकची पट्टी टायरला नीट दाबली जात नाही, आणि खुर्ची नेमकी बसता-उठताना सरकते.