स्वप्नांवरचा दृकश्राव्य संगीतप्रयोग मैदानात बसवताना या चुका टाळा

दिवाळीनंतर भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या गावांत मंडई म्हणजे गावची जत्रा भरू लागली, की दंडार, खडीगंमत ही लोकनाट्ये आणि नाटकांसाठी रात्र जागवायची रीत आजही टिकून आहे. याच प्रेक्षकांसमोर खंजिरी, संवादिनी, ध्वनिमुद्रित आवाज आणि पडद्यावरची दृश्ये एकत्र करून स्वप्न व जाणीव या विषयावरचा प्रयोग करू पाहणाऱ्यांनी काही चुका आधीच ओळखून ठेवाव्यात.

स्वप्न म्हणजे धूसरपणा, असे मानणे

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक आहे. स्वप्नाचा प्रसंग म्हटला की धूर सोडला जातो, प्रत्येक स्वराला लांबलचक प्रतिध्वनी जोडला जातो आणि दृश्ये पुसट केली जातात. वास्तविक, स्वप्न चालू असताना ते पाहणाऱ्याला बहुधा खरेच वाटत असते, त्यातल्या वस्तू आणि माणसे ओळखू येतात आणि त्यांची विचित्र सांगड जाग आल्यावरच खटकते. म्हणून स्वर, शब्द आणि चित्र स्वच्छ ठेवावे आणि नवल त्यांच्या जोडणीत आणावे. समजा, गावातल्या एखाद्या आजीने सांगितले, “बांदीत पानी भरला होता, अना त्यातच चूल पेटली होती.” येथे पडद्यावर पाण्याने भरलेली बांधी, म्हणजे बांध घातलेले धानाचे शेत, स्पष्ट दिसावी, चुलीतल्या लाकडांचा तडतडाट जवळून ऐकू यावा आणि धानाच्या रोवणीच्या गाण्याची चाल जराही न डळमळता पुढे चालू राहावी. पाण्यात चूल कशी, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात आपोआप उभा राहतो; त्यासाठी वेगळा गूढ आवाज जोडण्याची गरज नसते. प्रतिध्वनीचा अतिरेक केल्यास मागच्या रांगांना शब्दच कळत नाहीत, हा तोटा वेगळाच.

स्वप्ने गोळा करतानाही हीच काळजी घ्यावी. जाग आल्यानंतर स्वप्नाची आठवण फार झपाट्याने विरते, त्यामुळे सांगणाऱ्याने उठल्याबरोबर, त्याच्याच बोलीत, मोबाईलवर ते बोलून ठेवावे. नंतर ते प्रमाण भाषेत नीटनेटके करण्याचा मोह आवरावा, कारण वाक्य जेथे तुटते किंवा प्रसंग जेथे एकदम बदलतो, तेथेच संगीताला वळण घेण्याची जागा मिळते.

सर्व भाग सारख्या लांबीचे करणे

झोपेतील डोळ्यांच्या जलद हालचालींचा टप्पा शिकागोत युजीन अ‍ॅसेरिन्स्की आणि नेथॅनियल क्लाइटमन यांनी 1953 साली शोधनिबंधातून मांडला. ठसठशीत स्वप्ने प्रामुख्याने या टप्प्यात पडतात. झोपेचे एक चक्र साधारण 90 मिनिटांचे असते. रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा थोडक्यात आटोपतो आणि पहाटेकडे तो लांबत जातो. रचनेला हा आयता आराखडा आहे. पहिले स्वप्न एखाद्या ओळीचे, दुसरे त्याहून मोठे आणि शेवटचे ऐसपैस ठेवले, तर निवेदकाने काही न सांगताही रात्र सरत असल्याची जाणीव होते.

तुरीयेचे ‘दृश्य’ दाखवणे

जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप आणि तुरीय म्हणजे या तिन्हींपलीकडची चौथी, अशा चार अवस्थांचा विचार मांडूक्य उपनिषदाच्या अवघ्या 12 मंत्रांत आला आहे आणि तो अशा प्रयोगाचा पाया होऊ शकतो. मात्र चौथ्या अवस्थेसाठी पडद्यावर सोनेरी प्रकाश आणि कर्ण्यातून मोठ्याने ओंकार, ही मांडणी त्या विचाराच्या विरुद्ध जाते; सातवा मंत्र तिला ‘अदृष्टम्’ (न दिसणारी) आणि ‘अग्राह्यम्’ (पकडीत न येणारी) म्हणतो आणि बाराव्यात ती मात्रारहित, म्हणजे ओंकाराच्या अ, उ, म या मात्रांपलीकडची आहे. पडदा बंद करून तानपुऱ्याचा शेवटचा नाद पूर्ण विरू देणे अधिक योग्य ठरते. सुषुप्तीसाठी मैदान पूर्ण काळोखात ठेवणार असाल, तर रंगमंचावर एक दिवा तेवत असावा. अन्यथा लाइट गेली असे समजून लोक उठू लागतात.

मैदान, दव आणि वीज विसरणे

तालमी दिवसा शाळेच्या खोलीत झाल्या असतील, तर खरी अडचण प्रयोगाच्या रात्री समोर येते. दव पडू लागले की खंजिरीचे कातडे सैल होते आणि तिचा नाद उतरतो, पण इलेक्ट्रॉनिक तानपुरा आपल्या जागी स्थिर राहतो, त्यामुळे विसंगती उघडी पडते. जवळ शेकोटी ठेवून खंजिरी अधूनमधून शेकावी आणि शक्य असल्यास दोन आळीपाळीने वापराव्यात. धानपट्ट्यात या दिवसांत तुडतुडे उजेडावर झुंबड करतात, म्हणून प्रोजेक्टरपासून दूर, बाजूला एक प्रखर बल्ब लावावा. मांजरपाटाचा पडदा खालूनही ताणून बांधावा.

ध्वनिक्षेपकातून सतत गुणगुण येत असेल, तर ती बहुतेक वेळा 50 हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची असते. लॅपटॉप आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवावेत आणि लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नये. ओल्या जमिनीवर ते जिवावर बेतू शकते. जनरेटर दूर, वाऱ्याच्या खालच्या बाजूला असावा. ब्लूटूथ स्पीकरवर आवाज उशिरा पोहोचतो, म्हणून वायरच वापरावी. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो, त्यामुळे 50 मीटरवर बसलेल्यांना टाळीचे दृश्य आधी दिसते आणि टाळी जवळजवळ दीडशे मिलिसेकंदांनी ऐकू येते. दृश्य आणि ठोका यांचा काटेकोर मेळ असलेले प्रसंग त्यामुळे मोजकेच ठेवावेत.

उघड्यावर ध्वनिक्षेपकाला रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत मनाई असते आणि राज्य शासन वर्षातील ठरावीक दिवशीच मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. त्या दिवसांत आपला दिवस बसतो का, हे पोलीस ठाण्यात आधी विचारावे. सवलत नसल्यास प्रयोग दिवेलागणीनंतर लगेच सुरू करावा आणि वेळ कमी पडत असल्यास मधली स्वप्ने गाळावीत, शेवटचे लांब स्वप्न तसेच ठेवावे.