स्कॅनची पुढची तारीख सॉफ्टवेअरमध्ये टाकलीय? मग या चुका टाळा

आमच्या स्कॅन सेंटरवर फॉलो-अपचं, म्हणजे पेशंटला पुन्हा तपासणीला बोलवायची आठवण ठेवणारं सॉफ्टवेअर आलं आणि रिसेप्शनवरची लांबट वही कपाटात गेली. सहा महिन्यांत जवळपास सगळ्या नावांपुढे हिरवी खूण. मी सहज म्हणून गगनबावड्याकडच्या एका पेशंटना फोन लावला. छातीच्या सीटीत बारीक गाठ दिसली होती, दुसरा सीटी ठरला होता. ते म्हणाले, "यायचं हुतं सायेब, पण तोडकरी आल्यात न्हवं. ऊस गेल्याशिवाय कसं यायचं?" सॉफ्टवेअरच्या मते त्यांचं काम कधीच 'पूर्ण' झालं होतं.

अपॉइंटमेंट दिली की नोंद बंद करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. तारीख दिली, पेशंट आला, स्कॅन झाला, पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. नोंद बंद करताना कारण निवडणं सक्तीचं करा: इथे स्कॅन झाला, मिरजेत किंवा बेळगावात झाला आणि रिपोर्ट आपण पाहिला, डॉक्टरांनी गरज नाही असं लिहून दिलं, पेशंट वारले. 'फोन लागत नाही' हे कारण त्या यादीत नकोच. अशा नोंदी पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या पाहिजेत, आणि त्या कोणी पाठवायच्या त्या माणसाचं नाव आधी ठरलेलं हवं. 'सगळ्यांनी बघायचं' म्हटलं की कोणीच बघत नाही.

सरसकट सहा महिने

अनेक ठिकाणी मुदतीच्या रकान्यात सहा महिने आधीच भरलेले असतात. फुफ्फुसातल्या एकट्या घन गाठीसाठी फ्लाइशनर सोसायटी या छातीच्या इमेजिंगमधल्या तज्ज्ञांच्या संस्थेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं पाहा. धोका कमी असेल आणि गाठ 6 मिमीपेक्षा लहान असेल तर नेहमीचा फॉलो-अप लागत नाही. 6 ते 8 मिमीला 6 ते 12 महिन्यांनी सीटी. 8 च्या वर 3 महिन्यांनी सीटी, पेट-सीटी (पेशींची हालचाल दाखवणारा स्कॅन) किंवा बायोप्सीचा (गाठीचा तुकडा काढून तपासणं) विचार. तेही 35 वर्षांखालच्यांना, आधी कॅन्सर असलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्यांना लागू नाही. म्हणून मुदत रेडिओलॉजिस्टनेच भरावी आणि ती स्कॅनच्या दिवसापासून मोजावी, रिपोर्ट टाइप केल्याच्या नव्हे.

मॅमोग्राफीत (स्तनांच्या एक्स-रेत) तर गंमतच. तिथे रिपोर्टला बायरॅड्स नावाचा 0 ते 6 असा वर्ग-क्रमांक देतात. बायरॅड्स 3 ला साधारण सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी असते. बायरॅड्स 0 म्हणजे तपासणी अपुरी, पेशंटला लगेच बोलवायचं. आमची यादी मोठ्या आकड्यापासून लहानाकडे लागायची, त्यामुळे 0 वाले सगळ्यात खाली!

शब्द शोधून यादी बनवणं

रिपोर्टमध्ये 'फॉलो-अप' शोधलं की 'फॉलो-अपची गरज नाही' हेही सापडतं. उलट 'रिपीट सीटी' किंवा 'इंटरव्हल स्कॅन' लिहिलेलं निसटतं. सल्ल्यासाठी वेगळा रकाना हवा. तोवर आठवड्याला थोडे रिपोर्ट हाताने ताडून पाहा.

नाव आणि मोबाईल

पाटलांच्या जिल्ह्यात नावावर नोंद जुळवू नका, हे वेगळं सांगायला नको. जन्मतारीख घ्या, 14 अंकी आभा (सरकारी आरोग्य खात्याचा) क्रमांक असेल तर तोही. मोबाईल बहुधा पुण्यातल्या पोराचा असतो, म्हणून घरातला दुसरा नंबर मागा.

मेसेज जातच नाहीत?

आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या मेसेज-नोंदणी व्यवस्थेवर, टेम्प्लेट (मेसेजचा ठरलेला मजकूर) मंजूर आहे का पाहा. मंजूर मजकुरात एखादा शब्द बदलला तरी मेसेज अडतो. देवनागरीत एका एसएमएसला 70 अक्षरंच मिळतात, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. आजाराचं नाव लिहू नका, फोन घरात कोणाच्याही हातात असतो.

तारीख जुलै-ऑगस्टमध्ये येत असेल तर फोन जूनमध्येच करा. पंचगंगेने 43 फुटांची धोका पातळी गाठली की शिरोळकडचा पेशंट येणार कुठून?

गगनबावड्याकडचे ते गृहस्थ ऊस गेल्यावर आले, पण जुनी सीडी घरी ठेवून. तुलना कशाशी करायची? मग 'जुनी सीडी आणा' हे मेसेजमध्ये घालायला आम्ही सेंटरच्या नावापुढचं 'अत्याधुनिक' काढून टाकलं.