कायमची जागा सोडून पॉप-अप प्रदर्शनांकडे वळताना

छोट्या कलादालनाने कायमची जागा सोडून पॉप-अप, म्हणजे तात्पुरत्या जागेत थोड्या दिवसांची, प्रदर्शने भरवण्याचा विचार बहुधा भाड्याच्या आकड्यापासून सुरू होतो. मात्र केवळ भाडे वाचवण्यासाठी जागा सोडली, तर पहिल्याच वर्षी हिशेब चुकण्याचा संभव असतो, कारण वाहतूक, विमा, मांडणी आणि तात्पुरती प्रकाशयोजना हे खर्च प्रत्येक प्रदर्शनाला नव्याने करावे लागतात. म्हणून जुन्या जागेचा वर्षाचा संपूर्ण खर्च एका बाजूला आणि वर्षातील नियोजित प्रदर्शनांचा खर्च दुसऱ्या बाजूला मांडून पाहावा. या दुसऱ्या बाजूत चित्रे ठेवण्याच्या खोलीचे बारा महिन्यांचे भाडे अवश्य धरावे; ते हमखास विसरले जाते. दोन-तीन माणसांच्या दालनाने वर्षाला तीन-चारपेक्षा अधिक प्रदर्शने अंगावर घेऊ नयेत, असे माझे मत आहे.

ही वाट नवी नाही. १८५५ मध्ये पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात आपली महत्त्वाची चित्रे नाकारली गेल्यावर गुस्ताव्ह कूर्बे या फ्रेंच चित्रकाराने जवळच स्वतःचा मंडप उभारला. १८७४ मध्ये चित्रकार मोने, देगा, रन्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत महिनाभर चित्रे मांडली, तर १९८८ मध्ये विद्यार्थीदशेतील डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलावंताने लंडनच्या गोदी भागातील एका रिकाम्या इमारतीत सहाध्यायांचे प्रदर्शन भरवले. या तिन्ही वेळा जागा तात्पुरती होती, पण काय दाखवायचे याबद्दल मांडणाऱ्यांच्या मनात संदेह नव्हता.

जागा सोडण्यापूर्वी प्रत्येक कलावंताशी असलेला करार नव्याने लिहून घ्यावा, आणि हे काम मी सर्वांत आधीचे मानतो. चित्रे एका ठरावीक पत्त्यावर राहतील, हे गृहीत धरूनच जुना करार झालेला असतो. नव्या करारात चित्र कोणत्या मुदतीपर्यंत दालनाकडे राहील, दोन प्रदर्शनांच्या मधल्या काळात ते कोठे असेल, ने-आणीचा खर्च कोण करील, कमिशन किती आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळतील, हे सारे स्पष्ट असावे. विमा चित्र भिंतीवरून उतरल्यापासून पुन्हा भिंतीवर चढेपर्यंतचा, म्हणजे प्रवासासह साठवणुकीचाही, असावा. फक्त प्रदर्शनाच्या दिवसांचा विमा पुरत नाही, कारण धोका सर्वाधिक असतो तो चित्र हलवताना. भिंती गेल्यावर कलावंताचा आणि ग्राहकाचा विश्वास या कागदांवरच उभा राहतो.

त्याला जोड हवी ती स्थितीनोंदीची. चित्र बांधण्यापूर्वी आणि उघडल्यानंतर त्याची पुढून, मागून व चारही कोपऱ्यांची छायाचित्रे काढावीत आणि ओरखडा, रंगाचा पोपडा, चौकटीची सैल झालेली सांध असे जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे. बांधताना रंगवलेल्या पृष्ठभागाला बबल रॅप थेट लावू नये, कारण बुडबुड्यांचे ठसे रंगावर उमटू शकतात. आधी आम्लरहित ग्लासिन (पातळ, गुळगुळीत) कागद आणि मग बुडबुडे बाहेरच्या बाजूला ठेवून रॅप, असा क्रम ठेवावा. सतत प्रवास करणाऱ्या चौकटींना काचेऐवजी ॲक्रिलिक बरे, मात्र पेस्टल आणि कोळशाची चित्रे याला अपवाद आहेत: साध्या ॲक्रिलिकवरील स्थिर विद्युतभार सुटे रंगकण ओढून घेतो. अशा चौकटींची काच तशीच ठेवून तिच्यावर चिकटपट्टीची जाळी करावी, म्हणजे काच फुटलीच तर तुकडे चित्रावर कोसळत नाहीत.

जागा निवडताना रस्त्यावरची वर्दळ सगळेच पाहतात. छताची गळती, दाराची रुंदी आणि रात्रीची कुलूपव्यवस्था मात्र क्वचितच कोणी तपासतो. दुपारी जाऊन ऊन कोणत्या भिंतीवर येते ते प्रत्यक्ष पाहावे. कागदावरील कामांसाठी सुमारे ५० लक्स (प्रकाश मोजण्याचे एकक) आणि तैलचित्रांसाठी सुमारे २०० लक्स प्रकाश ही रूढ मर्यादा आहे, आणि मोठ्या काचेच्या दुकानासारख्या जागेत ती सहज ओलांडली जाते. भिंतीला खिळे ठोकता येतील का, हे जागामालकाकडून लेखी घ्यावे. परवानगी नसेल तर स्वतंत्र उभे राहणारे पॅनेल न्यावेत आणि धक्का लागून ते कलंडणार नाहीत इतके वजन त्यांच्या पायाशी द्यावे.

मांडणीला अनेकदा एकच दिवस मिळतो, म्हणून मोजमाप घरूनच करून निघावे. चित्राचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर ठेवायचा, चौकट ८० सेंटिमीटर उंच आहे आणि ताणलेली तार वरच्या कडेपासून ७ सेंटिमीटर खाली येते, असे समजा. मग १५० मध्ये उंचीचे निम्मे ४० मिळवून ७ वजा केले की हूक १८३ सेंटिमीटरवर येतो. हा एक आकडा प्रत्येक चौकटीच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला असला, तर नव्या भिंतीसमोर उभे राहून वाद घालण्यात तास जात नाहीत.

प्रेक्षकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कायमच्या दालनात माणूस सहज डोकावतो, आठवडाभराने परत येतो आणि मग चित्र घेतो; पॉप-अपमध्ये परत येईपर्यंत दार बंद झालेले असते. त्यामुळे येणाऱ्याच्या संमतीने त्याचा संपर्क आणि त्याला कोणते चित्र आवडले हे नोंदवावे आणि प्रदर्शन संपल्यावरही ते चित्र पाहण्यासाठी त्याला वेळ ठरवून बोलवावे. नाव, बोधचिन्ह आणि चित्राशेजारच्या पट्ट्यांची अक्षररचना प्रत्येक ठिकाणी तीच ठेवली, तर पत्ता बदलला तरी दालन ओळखू येते.

उतरवण्याचा दिवस मांडणीइतकाच नेटाने आखावा. विकलेली चित्रे शेवटच्या संध्याकाळनंतरच सोपवली जातील हे खरेदीच्या वेळीच सांगावे. न विकलेल्या प्रत्येक चित्राची स्थितीनोंद पुन्हा करून ती कलावंताला त्याच आठवड्यात विक्रीच्या हिशेबासह पाठवावी. शेवटी खिळ्यांची भोके बुजवून, भिंतीला रंगाचा हात देऊन आणि रिकाम्या जागेची छायाचित्रे काढूनच किल्ली परत करावी, म्हणजे अनामत रकमेवरून वाद उरत नाही.